बिब्ब्यावरची सुई आणि चौदा महिने

ईमेल इंग्रजीत होता, आणि आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. बेळगावात कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात मी टायपिंगचं आणि भाषांतराचं काम करते. कन्नड उतारे मराठीत, मराठी मृत्युपत्रं इंग्रजीत, असा दिवसभर कागदांचाच संसार. त्यामुळे धाकट्याने "अक्का, हे काय आलंय बघ की" म्हणत मोबाइल पुढे केला तेव्हा सवयीने मी आधी शेवटी बघितलं, उत्तर द्यायची मुदत काय आहे ते. मग वरून वाचत आले. पाठवणारी संस्था नाडा, म्हणजे देशातली उत्तेजकविरोधी संस्था. खाली नमुन्याचा क्रमांक, स्पर्धेची तारीख. सापडलेला पदार्थ ट्रायमसिनोलोन ॲसिटोनाइड, वर्ग एस-९, ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे सूज उतरवणारं स्टेरॉइड. स्पर्धाकाळात बंदी.

"हे तू कधी घेतलंस?"

"आयुष्यात नाव ऐकलं न्हाई अक्का."

तो खोटं बोलत नव्हता. नाव त्याने खरंच ऐकलं नव्हतं.

तो रोड सायकलिस्ट. आमचं गाव बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावर. बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. पहाटे निघायचं, शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोली गाठायची आणि ऊन चढायच्या आत घरी, असा त्याचा सराव. आमच्या भागात पोरगं अंगानं दणकट निघालं की त्याला तालमीत घालतात. सायकल हा विजापूर-बागलकोटकडच्या पोरांचा खेळ. हा त्यांच्यातच सरकारी क्रीडा वसतिगृहात राहून तयार झाला, धड कन्नडही तिथंच शिकला. युरोपात सायकलपटूला संघ पगार देतो, डॉक्टर देतो, अंग चोळायला माणूस देतो. आपल्याकडे या खेळावर पोट भरायचं तर रेल्वे किंवा सैन्यदलात क्रीडा कोट्यातून लागायचं. पगार तिथून, सायकल तिथून, सरावाची सवलत तिथून. त्यासाठी राष्ट्रीय पदक लागतं. ते त्याला नुकतंच मिळालं होतं, वैयक्तिक टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी लावायच्या शर्यतीत, तिसरा आला होता. आणि तिसरा आला म्हणूनच त्याचा नमुना घेतला गेला.

नमुना कसा घेतात हे त्याने मला रंगवून सांगितलं होतं, तेव्हा आम्ही हसलो होतो. शर्यत संपली की एक माणूस येऊन सही घेतो आणि मग तुमची पाठ सोडत नाही. नमुना देताना बनियन छातीपर्यंत वर, चड्डी गुडघ्याखाली, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या, आणि समोर उभा राहून तो माणूस बघतोय. लघवी किमान ९० मिली लागते. उन्हात घाम गाळून आलेल्याला कुठली येणार? म्हणून यानं बाटल्यांवर बाटल्या पाणी ढोसलं, आणि शेवटी आली ती इतकी पातळ की त्यांच्या मोजणीयंत्रात बसेना, घनता १.००५ तरी हवी. परत बस. परत थांब. अंधार पडल्यावर एकदाचं जमलं. मग तीन-चार सीलबंद डब्यांतला एक यानेच निवडायचा, त्यातल्या 'ए' आणि 'बी' बाटल्यांत यानेच ओतायचं, झाकण यानेच कट-कट आवाज होईपर्यंत फिरवायचं. प्रयोगशाळेत नाव जात नाही, नुसता क्रमांक जातो. फॉर्मवर एक रकाना असतो, गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि पूरक पदार्थ. त्यात यानं लोहाची गोळी, प्रोटीन पावडर आणि ओआरएस लिहिलं होतं. त्या फॉर्मची प्रत स्पर्धेच्या पिशवीत, घामट जर्सीखाली चुरगळून पडली होती. मी ती इस्त्री केली. हसू नका, खरंच केली. पुढं सुनावणीत तोच कागद सर्वांत जास्त उपयोगी पडला.

ट्रायमसिनोलोन हे इंजेक्शनातून देतात हे मोबाइलवर बघितल्यावर मी विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत सुई कुठं टोचून घेतलीस?" तो गप्प झाला, आणि मग म्हणाला, "बिब्बा उतला तेव्हा."

नवरात्रात पावसाने रस्ते ओले होते. बाचीच्या वळणावर हा सायकलसकट घसरला, गुडघा टम्म सुजला. विश्रांतीला म्हणून आजोळी गेला, चंदगड तालुक्यात. आजीकडे सुजेवर एकच औषध. तिनं बिब्बा तापवून गुडघ्याभोवती ठिपके दिले. तिच्या हातचा बिब्बा आम्ही सगळ्यांनीच लहानपणी खाल्लाय-लावलाय, कुणाला काही झालं नाही. याला उतला. दुसऱ्या दिवशी मांडीपर्यंत फोड, तिसऱ्या दिवशी डोळे सुजून बंद, अंगभर आग. मग मामा त्याला मोटारसायकलवर घालून जवळच्या गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी कमरेत एक सुई दिली, कागदाच्या पुडीत गोळ्या दिल्या. दोन दिवसांत पोरगं उठून बसलं. केसपेपर नाही, चिठ्ठी नाही, बिल नाही. आमच्या सगळ्या भागात असंच चालतं; पैसे हातात द्यायचे आणि पथ्य विचारून घरी यायचं.

औषध प्रतिबंधित आहे का ते बघायला नाडाचं 'नो युवर मेडिसिन' नावाचं ॲप आहे. धाकट्याच्या मोबाइलमध्ये ते होतंही. सर्दीची गोळी घेतानासुद्धा तो त्यात नाव टाकून बघायचा. पण त्यात टाकायला आधी नाव तर कळायला हवं! कमरेत काय गेलं हे विचारायच्या अवस्थेत तो नव्हता, आणि विचारायचं असतं हे मामाला माहीत नव्हतं.

इथं नियमाचा एक भाग सांगायलाच हवा, कारण तो भल्याभल्यांना ठाऊक नाही. २०२१ संपेपर्यंत सांध्यात किंवा त्याच्या आसपास दिलेल्या स्टेरॉइडच्या सुईला मुभा होती. १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात सगळ्याच सुया बंद झाल्या, कुठंही टोचा. स्पर्धाकाळ सुरू होतो आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी. म्हणजे आधी घेतली तर गुन्हा नाही, पण शर्यतीच्या दिवशी ती अंगात ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सापडता कामा नये. आणि किती दिवसांत निघून जाते? जागतिक संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या तक्त्यात लिहिलंय: ट्रायमसिनोलोन सांध्यात दिलं तर १० दिवस, स्नायूत दिलं तर ६० दिवस. डॉक्टरांनी तीच सुई गुडघ्यात दिली असती तर शर्यतीपर्यंत पार निघून गेली असती. कमरेत दिली, म्हणून राहिली.

घरी बातमी फुटल्यावर पहिला सल्ला सगळ्यांचा एकच: "बी नमुना तपासायला लावा, त्यांचं काहीतरी चुकलं असणार." काका तर दिल्लीला जायला निघालेच होते. बी नमुना म्हणजे त्याच वेळची, त्याच लघवीची दुसरी बाटली. ती उघडताना आपण किंवा आपला माणूस हजर राहू शकतो, पण खर्च आपला, आणि ज्याला ठाऊक आहे की सुई घेतली आहे त्याला त्यातून मिळणार काय? प्रयोगशाळा बरोबरच होती. ते आम्ही सोडून दिलं.

दुसरं काम मात्र लगेच केलं. या वर्गातल्या पदार्थाला तात्पुरतं निलंबन आपोआप लागत नाही, पण खेळाडू आपण होऊन स्वीकारू शकतो. आणि तसं लेखी स्वीकारलं तर पुढच्या शिक्षेतून तेवढे दिवस वजा होतात. धाकट्याला ते पटेना. "मी काय केलं म्हणून मीच घरी बसू?" तोंडावर राज्य स्पर्धा होती. आमच्या वकीलसाहेबांनी त्याला समोर बसवून समजावलं. साहेबांचा सगळा जन्म जमिनीच्या दाव्यांत गेला, पण त्यांनी डोपिंगची नियमावली एखाद्या नव्या कूळकायद्यासारखी आवडीने वाचून काढली होती. म्हणाले, "हे बघ, फौजदारीत सरकारनं सिद्ध करायचं असतं. इथं लघवीत सापडलं तिथंच गुन्हा सिद्ध झाला, तुझ्या मनात काय होतं ते नंतर. राहिला प्रश्न शिक्षेचा. मूळ शिक्षा दोन वर्षं. मुद्दाम घेतलंस असं त्यांनी सिद्ध केलं तर चार. कमी करून हवी असेल तर ते कुठून आलं आणि तुझा दोष फार मोठा नाही, हे तू दाखवायचं. आणि दाखवायचं म्हणजे कागदानं. तोंडानं नव्हे."

कागद तर एकही नव्हता.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा मी आणि मामा गेलो. डॉक्टर माणूस वाईट नाही. त्या टापूत रात्री-अपरात्री दार उघडणारा तो एकटाच. पण दिल्ली, नोटीस, स्टेरॉइड हे शब्द ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. अशा पेशंटची आठवण नाही म्हणाले. नंतर म्हणाले, असेल, पण सुई साधी ॲलर्जीची असेल. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. आम्ही परत आलो.

पुढच्या वेळी आजी आली. नऊवारीचा पदर खोचून ती त्यांच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "डाकतर, बिब्बा मी लावलो. तो उतला, त्यो माझा दोष. सुई तुमी टोचलासा, त्येनं पोरगं वाचलं. आता ती कसली सुई हुती तेवढं कागदावर लिवून द्या. ज्यास्त नको, कमी नको."

डॉक्टर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत, आजीला कळू नये म्हणून असेल, म्हणाले की मी केसपेपर करून देतो, मागची तारीख टाकतो, निदान, औषध, सगळं व्यवस्थित. कोरा केसपेपर त्यांनी पुढं ओढलाही.

धाकटा दारात उभा होता. तो पटकन म्हणाला, "मागची तारीख नको सर. ह्याच औषधावर ते झालंय." आणि तिथल्या तिथं त्याने लान्स आर्मस्ट्राँगची गोष्ट सांगितली. १९९९ च्या टूर दि फ्रान्समध्ये आर्मस्ट्राँगच्या लघवीत हेच ट्रायमसिनोलोन सापडलं होतं. संघाने खुलासा दिला, सीटवर बसून झालेल्या जखमेवर मलम लावलं होतं. आणि मलमाची चिठ्ठी मागच्या तारखेची करून दिली. तेव्हा ते खपून गेलं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने सगळं प्रकरण उघडं केलं, तेव्हा त्यात ही चिठ्ठीही आली. सातही टूर विजेतेपदं गेली, आजन्म बंदी आली. आमची गोष्ट तेवढी मोठी नाही, पण नियम तोच. खोटा कागद दिला तर तो वेगळा गुन्हा, आणि त्याची शिक्षा मूळ गुन्ह्याहून जड.

मला वाटतं डॉक्टरांना सर्वांत जास्त हायसं वाटलं ते त्या क्षणी. त्यांनी केसपेपर बाजूला सारला आणि खणातून रोजची वही काढली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. नवरात्रातल्या त्या पानावर गावाचं नाव, 'सायकलवाला', आणि पुढं घेतलेले पैसे. तेवढंच. औषध लिहिलेलं नव्हतं. मग कंपाउंडरने औषधखरेदीच्या बिलांची तार खाली काढली, त्यात त्या महिन्यात घेतलेल्या ट्रायमसिनोलोनच्या कुप्या निघाल्या, बॅच क्रमांकासकट. डॉक्टरांनी त्या दिवशीची, आजचीच, तारीख घालून पत्र लिहिलं: मला आठवतं त्याप्रमाणे मी अमुक लक्षणांवर हे औषध स्नायूत दिलं, लेखी नोंद ठेवली नाही. शेवटचं वाक्य लिहिताना ते अडखळले. पण लिहिलं.

त्यावर प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं आणि सीमाभागाचे सगळे भोग आठवले. डॉक्टर महाराष्ट्राचे, स्टॅम्प तिकडचा, मजकूर मराठी. खेळाडू कर्नाटकाचा, आधार कार्ड कन्नड. वाचणारे दिल्लीचे, त्यांना सगळं इंग्रजीत हवं. वहीचं पान, प्रतिज्ञापत्र, मामाचा जबाब, आजीचा अंगठा, सगळ्याचं भाषांतर करून मी सह्या-शिक्क्यांनिशी गठ्ठा बांधला. ऑफिसात जमिनीच्या दाव्यांना इतकी मेहनत मी कधी घेतली नसेल.

आणि या सगळ्यापेक्षा भारी पुरावा निघाला तो व्हॉट्सॲपवर. डोळे सुजलेल्या अवस्थेतला त्याचा फोटो मामेबहिणीने काढून 'आमचं कुटुंब' ग्रुपवर टाकला होता, खाली 'बघा आमचा हिरो' असं लिहून. मांडीवरचे फोड स्पष्ट, तारीख-वेळ स्पष्ट. त्याखाली अकरा जणांनी हसण्याचे चेहरे टाकले होते. मी तो सगळा संवाद जसाच्या तसा छापला, हसण्यासकट.

यात एक वाट अशीही होती की औषध गरजेचं होतं म्हणून मागाहून सूट मागायची, तिला टीयूई म्हणतात. स्पर्धेबाहेर उपचारासाठी घेतलेलं औषध जर फक्त स्पर्धाकाळातच बंद असेल तर असा अर्ज चालतो. आम्ही केला, आणि तो नामंजूर झाला. निदानाची त्या वेळची नोंद नाही, दुसरी चालणारी औषधं का पुरली नसती याचं वैद्यकीय कारण नाही. घरचे चिडले, मला तो निर्णय नियमाला धरूनच वाटला. सायमन येट्स या इंग्लंडच्या सायकलपटूचं २०१६ मध्ये असंच झालं होतं. दम्याचा फवारा खरा, दमा खरा, संघाच्या डॉक्टरकडून टीयूईचा अर्ज करायचा राहून गेला, आणि त्याला चार महिने बंदी. धाकट्याने हे नाव भिंतीवर लिहून ठेवलं होतं, कारण पुढं येट्सने २०१८ ची व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची मोठी शर्यत, जिंकली आणि २०२५ ची इटलीची जिरोही.

सुनावणी व्हिडिओवर झाली, साहेबांच्या ऑफिसात. बेळगावची वीज कधी जाईल सांगता येत नाही म्हणून मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून इन्व्हर्टरची वायर ओढून घेतली होती. पडद्यावर तिघं: एक कायद्याचे, एक वैद्यकीय, एक माजी खेळाडू. बोलणं निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी. धाकटा क्रीडा कोट्याच्या मुलाखतीसाठी शिवलेला शर्ट घालून बसला होता.

संस्थेच्या वकिलांचा पहिला प्रश्न: फॉर्मवर इंजेक्शन का लिहिलं नाही? मी इस्त्री केलेली प्रत कॅमेऱ्यासमोर धरली. रकान्यात छापलेलंच होतं, गेल्या सात दिवसांतली औषधं. सुई त्याच्या महिनाभर आधीची. तो मुद्दा तिथं संपला.

वैद्यकीय सदस्यांनी बिब्ब्यात रस घेतला. त्यांच्याकडेही भिलावा लावतात असं म्हणाले, आणि फोटो मोठा करून मांडीवरचे फोड कुठून कुठं गेलेत ते विचारलं. फोड, सूज, औषध आणि दिवस यांचा मेळ बसतो असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. मला बरं वाटलं, पण फार वेळ नाही.

कारण माजी खेळाडू असलेल्या सदस्यांनी शेवटी अगदी शांतपणे विचारलं, "आप नेशनल खेलते हो. दो दिन बाद जब होश में थे, तब डॉक्टर से पूछा, क्या दिया?"

"नहीं सर."

"फोन किया?"

"नहीं सर."

"रेस के पहले?"

तो नुसता मान हलवत राहिला. साहेबांनी मध्ये काही बोलायचा प्रयत्न केला, पण या प्रश्नाला कागद नव्हता. दोन दिवस आजार, ठीक. त्यानंतरचे आठवडे? डॉक्टरांचा नंबर मामाकडे होता. मला तेव्हाच कळलं की शिक्षा टळणार नाही, फक्त किती तेच ठरायचं आहे.

धाकटा नंतर कॉन्टाडोरचं सांगत होता. २०१० ची टूर जिंकलेला अल्बेर्तो कॉन्टाडोर. त्याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध मिलीलीटरला ५० पिकोग्रॅम सापडलं, म्हणजे जवळजवळ नसल्यातच जमा. त्याने सांगितलं, मांसातून आलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते मानलं नाही. दोन वर्षं बंदी आणि टूर अँडी श्लेकच्या नावावर. कॉन्टाडोरला कुठून आलं ते दाखवता आलं नाही, आम्हाला एका लाल वहीमुळे दाखवता आलं. फरक एवढाच.

निकाल आला: चौदा महिने. मुद्दाम घेतलं नाही आणि कुठून आलं ते पटलं, म्हणून दोन वर्षांचे चौदा महिने. चौकशी केली नाही म्हणून त्याहून कमी नाही. आपण होऊन निलंबन स्वीकारलं त्या दिवसापासून मोजणी. पदक परत, प्रमाणपत्र परत, बक्षिसाची रक्कम परत. रकमेतून नवी चाकं घेतली होती, म्हणून ती रक्कम बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून भरली. अपील करायचं का यावर घरात एक रात्र भांडण झालं आणि सकाळी विषय बंद झाला.

निकाल जाहीर होतोच, लपत नाही. एका दैनिकात चार ओळी आल्या, आणि गावात त्याचं झालं 'ड्रग्ज घेतला'. दूध घालायला गेलेल्या आईला एका बाईने विचारलं, पोरगा आता बरा आहे का, व्यसन सुटलं का. आई रडत घरी आली. मला राग त्या बाईचा आला नाही, आला तो गावातल्या जिमवाल्या पोरांचा, जे दंड फुगवायच्या सुया उघड उघड घेतात आणि ह्याच्याकडे बघून कुजबुजतात. त्यांचा नमुना कोण घेणार?

बंदी म्हणजे नुसती शर्यत बंद असं मला वाटत होतं. तसं नाही. वसतिगृह सरकारी, ते सोडावं लागलं. संघटनेच्या कुठल्याही स्पर्धेत कुठल्याही नात्यानं भाग नाही. खेळाडू नाही, प्रशिक्षक नाही, घड्याळ लावणारा नाही. ओळखीचे पीटीचे सर पोरांच्या स्पर्धेला वेळ नोंदवायला ये म्हणाले, तेव्हा नियम वाचून मीच नको म्हटलं. बंदीत नियम मोडला तर मूळ बंदीच्या शेवटी तेवढीच नवी बंदी जोडतात. एकट्यानं रस्त्यावर सायकल चालवायला मात्र कुणी अडवत नाही. मग उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये तो कामाला लागला, दुसऱ्या पाळीला. पहाटे आंबोलीचा रस्ता, दुपारी लेथ.

आणि तपासणी चालूच राहते, हे आणखी एक. पावसाळ्यात एका सकाळी दारात दोघं उभे, ओळखपत्र गळ्यात. आजी तेव्हा आमच्याकडेच होती. तिनं त्यांना बसवलं, चहा टाकला, आणि धाकट्याला येईना म्हणून धण्या-जिऱ्याचा काढा पुढं केला. तो म्हणाला, "नको आज्जी, मी बाटलीतलं पाणीच पितो." आजीला लागलं. अधिकाऱ्याने हसून तिला सांगितलं की काढा चालतो, पण तिनं ते ऐकूनही घेतलं नाही. औषधांच्या रकान्यात मात्र यानं त्या आठवड्यातलं सगळं लिहिलं: लोहाची गोळी, डोक्याला लावलेला बाम, आल्याच्या वड्या. अधिकारी म्हणाला, आल्याच्या वड्या लिहायची गरज नाही. हा म्हणाला, असू दे सर.

चौदा महिन्यांतले शेवटचे दोन महिने संघाबरोबर सराव करायला परवानगी असते. ती तारीख मी ऑफिसच्या कॅलेंडरवर, कोर्टाच्या तारखांत, हिरव्या शाईने लिहिली होती. त्या दिवशी त्याने पाळी बदलून घेतली आणि विजापूरची एसटी पकडली. जुन्या प्रशिक्षकांनी त्याला पोरांच्या मागं उभं केलं. पहिल्याच चढावर तो मागं पडला, पण शेवटच्या वीस किलोमीटरला पुढं होता, असं त्याने फोनवर सांगितलं. सांगताना धापा टाकत होता.

शर्यतीचं लायसन्स नव्याने काढायचा अर्ज मी भरला. पूर्वी कधी बंदी होती का, असा प्रश्न आहे. 'होय' वर खूण करून निकालाची प्रत जोडली. क्रीडा कोट्याच्या वयाच्या अटीत तो अजून बसतो, थोडक्यात बसतो. मामा आता कुठल्याही डॉक्टरकडे गेला की सुईच्या कुपीचा फोटो काढून मला पाठवतो, स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांचासुद्धा.